दुपारचा पाहुणा

"आजी, जरा लांब बसा ना. वास मारतोय."

अल्पेश लॅपटॉपवरची नजर न हलवता बोलला. मी पडवीच्या कडेला करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलत होते. पडवी आमची, करंदी जायची त्याच्याच पोटात, आणि लांब बसायचं मी. परात उचलून मी पायरीवर जाऊन बसले. दुपारी याच करंदीचं कालवण त्याने भातावर किती वेळा ओतून घेतलं ते मी सांगत नाही. जेवणाऱ्याचे घास मोजायचे नाहीत, ही आमच्या घरची रीत.

अल्पेश पनवेलचा. माझा मुलगा सुजित तिकडे कंपनीत होता, तेव्हाची त्यांची दोस्ती. दोस्ताच्या आईला तो काकू न म्हणता आजीच म्हणायचा. सुजितने नोकरी सोडली, घरामागे पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आणि आगरदांड्याच्या जेट्टीवरून चालत येता येईल असं घरगुती मुक्कामाचं ठिकाण म्हणून पाटी लावली. पहिली दोन वर्षं बरी गेली. मग रस्त्याच्या वरच्या अंगाला पोहायचे हौद असलेले बंगले झाले आणि आमच्या खोल्यांवर कुलपं दिसायला लागली. म्हणून अल्पेश शनिवारी यायचा, राहायचा, जेवायचा आणि आमच्या वेबसाइटचं काम करायचा.

"लँडिंग पेज म्हणजे जेट्टीसारखं, आई," माझी सून साक्षी मला समजावून सांगायची. "जाहिरात बघून माणूस आधी तिथे उतरतो. तिथं आवडलं तर पुढे येतो, नाही तर आल्या पावली परत."

"आणि आजपर्यंत आपल्याला तो का परत गेला तेच कळत नव्हतं," अल्पेश म्हणाला. "आता कोड टाकलाय मी. कुठून आला, कुठला फोन, कुठे थांबला, कुठे बोट लावलं, कधी पळाला, सगळं दिसतं. ये, सुजित, बघ. ही ठाण्याची बाई. खोलीचा फोटो, मग बाथरूमचा फोटो, परत बाथरूम, मोठा करून बघितला. मग रेट. मग गायब."

"फरशी नसेल आवडली," साक्षी म्हणाली.

"सासू असणार सोबत. गुडघे गेलेली. कमोड शोधत असेल," अल्पेश म्हणाला.

तिघं हसले. मला शिसारी आली. कोण कुठली ती बाई. आपल्या घरात बसून आपल्या फोनवर एक चित्र बघत होती, आणि इथे तीन माणसं तिच्या सासूचे गुडघे काढत बसली होती. मी तरुण असताना आमच्या गावात एक जण न्हाणीच्या दाराच्या फटीला डोळा लावायचा. बायांनी त्याला विहिरीवर धरून असा बडवला, की पुढे तो खाली मान घालून गावातून चालायचा. इथे फटीला डोळा लावायला आम्ही माणूस जेवू घालून बसवला होता.

"त्यांना ठावं हाय का, तुम्ही बघता त्ये?" मी विचारलं.

"खाली लिहिलंय ना आजी, बारीक अक्षरात."

"बारीक कशाला?"

"कोणी वाचत नाही म्हणून."

"कोण वाचत न्हाय म्हणून बारीक, का बारीक म्हणून कोण वाचत न्हाय?"

"आये," सुजित म्हणाला, "तुला न्हाय कळायचं त्यातलं. तू करंदी बघ."

मी करंदी बघितली.

माझ्या सासूने लग्नानंतर मला पहिली गोष्ट शिकवली ती भाकरीच्या टोपलीची. टोपलीवर फडकं घालायचं. वाढताना फडकं उघडायचं नाही, नुसता हात आत घालून भाकरी काढायची. किती उरल्या ते पाहुण्याला दिसू नये, त्याने किती खाल्ल्या ते आपल्याला. घरात दाणा नसायचा अशा दिवसांतही सासूने फडकं उघडलं नाही. शेवटची भाकरी तिला नुसत्या हाताला कळायची, आणि मग ती सहज उठून म्हणायची, मला आज भूक नाही. अशा घरात मी वाढणं शिकले. त्याच घराच्या पडवीत आता माणसांच्या बोटांचे हिशेब चालले होते.

इथे मला माझ्या नवऱ्याविषयी सांगावं लागेल.

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात एकदा घेते, तेही ओळीत गुंफून, बायांच्या गलक्यात. त्यानंतर मी कधी घेतलं नाही. ते होते तोवर 'हे', नाही तर 'सुजितचा बाप'. ते गेल्यावर मुरूडला तालुक्याच्या कचेरीत जावं लागलं. सुजित तेव्हा कंपनीत होता, म्हणून शेजारच्या सुपारीच्या बागेतल्या गोदावरीवहिनी सोबत आल्या. खिडकीमागच्या बाबूने विचारलं, "मयताचं नाव?" मी गप्प. त्याने पुन्हा विचारलं. मागची रांग चुळबुळायला लागली. "आजी, नवऱ्याचं नाव माहीत नाही का तुम्हाला?" माझ्या तोंडातून शब्द फुटेना. शेवटी वहिनींनी सांगितलं. त्या बाईच्या तोंडून माझ्या माणसाचं नाव त्या कागदावर गेलं आणि मी भिंतीला टेकून उभी राहिले.

परत येताना एसटीत वहिनी म्हणाल्या, "सोना, लिहायला शीक. लिहिलेलं काही तोंडातून जात नाही."

वहिनी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. दुपारी भांडी आवरली की मी त्यांच्या ओटीवर जायची. बाकीच्यांसारखं मला कमळापासून शिकायचं नव्हतं. मी पहिलं अक्षर शिकले ते ह्यांच्या नावातलं. पुढची अक्षरं मग त्याच्या मागे मागे आली. बोटं कामाने जाड झालेली, पेन्सिल त्यांत बसायची नाही. पण वाचायला बोट कुठे लागतं. वाचायला लागले. हळू, पण लागले. घरात कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

साक्षीने वेबसाइट पहिल्यांदा केली तेव्हा खाली चार ओळी ह्यांच्यावर लिहिल्या होत्या. वर ह्यांचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. खाली लिहिलं होतं की ते आयुष्यभर आगरदांडा ते दिघी लाँचवर खलाशी होते, पावसाळ्यात लाँच बंद असे तेव्हा भाताच्या खाचरात असत, घड्याळ न बघता त्यांना भरतीची वेळ कळे, आणि या घराच्या भिंती त्यांनी स्वतः उभ्या केल्या. साक्षीने ते पान घरातल्या सगळ्यांच्या फोनवर पाठवलं. माझ्याकडे सुजितचा जुना, काचेला चीर गेलेला फोन होता. "आई, तुम्ही पण उघडा एकदा," ती म्हणाली. "तेवढाच आकडा वाढतो."

मी उघडलं. माझ्या हातचं अक्षर वाकडं. इथे ह्यांचं नाव छापील होतं, सरळ, ठळक. जगातला कुणीही ते वाचू शकला असता. तेव्हापासून रोज दुपारी भांडी आवरली की मी मागच्या विहिरीपाशी रातांब्याच्या झाडाच्या सावलीत बसायची, पान उघडायची आणि अंगठ्याने सरकवत खाली ह्यांच्यापर्यंत जायची. आधी नाव. मग ओळी. तोंड मिटलेलं. रीत मोडत नव्हती आणि नावही घेतलं जात होतं.

पुढच्या शनिवारी अल्पेश आला तो हसतच.

"कार्टून दाखवतो तुम्हाला. या."

लॅपटॉपवर आमचं पान होतं. त्यावर एक गोल ठिपका सरकत होता. "हा ठिपका म्हणजे त्या माणसाचं बोट. रेकॉर्डिंग आहे. हा एकटाच असा. रोज दुपारी येतो. लोकेशन मुंबई. फोन जुनाट, म्हणजे पार्टी पैसेवाली नाही."

मी पडवीत वाल निवडत होते. मान वर करून बघितलं. पान मुंगीच्या चालीने खाली चाललं होतं. फोटो मागे टाकत ठिपका थेट खालच्या ओळींवर आला आणि थांबला. थोडा सरकला. परत मागे आला.

"एवढा वेळ काय करतोय?" सुजितने विचारलं.

"झोपलाय."

"पिऊन बसला असंल."

"बघ, बघ, परत मागे. अरे भाई, चार ओळी आहेत, ग्रंथ नाही."

"वय झालेलं असेल कुणी," साक्षी म्हणाली.

"मग मुलाने फोन काढून घ्यायला पाहिजे त्याचा," अल्पेश म्हणाला आणि सुजित मांडीवर थाप मारून हसला.

ठिपका 'स्वतः' या शब्दावर येऊन अडकला होता. त्या शब्दाच्या शेवटी जी दोन टिंबं आहेत, त्यांचं काय करायचं ते मला कळलं नव्हतं. ते विचारायला मी फोन हातात धरून वहिनींकडे गेले होते. माझ्या डोळ्यांसमोर तो ठिपका तिथेच थांबला, आणि मग पान तसंच उघडं राहिलं. मी तेव्हा कुंपण ओलांडत होते.

"गेला," अल्पेश म्हणाला. "मेला वाटतं."

वालाचं ताट बाजूला ठेवलं. मी उठून विहिरीवर गेले. हात धुतले. मग तोंड धुतलं, मग पुन्हा हात. कुणीतरी अंगावर थुंकावं आणि ते कुठे पडलंय ते सापडू नये, तसं झालं होतं. मी वाचताना कशी दिसते ते मी स्वतः कधी बघितलं नव्हतं. ते माझ्या मुलाने बघितलं, आणि मांडीवर थाप मारून हसला.

संध्याकाळी त्यांनी पानाचा दुसरा एक नकाशा काढला. लोक जिथे थांबतात तिथे लाल, जिथे थांबत नाहीत तिथे निळं. माशाचं ताट लाल. झोपाळा लाल. ह्यांच्या ओळी निळ्या.

"हा भाग एकदम थंड आहे," अल्पेश म्हणाला. "तो दुपारचा सोडला तर एक माणूस थांबत नाही. काढू या. तिथे थाळीचा फोटो आणि खाली 'बुक करा'चं बटण."

"बाबांचं हाय त्ये," सुजित म्हणाला.

"अरे, बाबांचा फोटो ठेवू ना, कोपऱ्यात. फ्रेम करून."

सुजितने माझ्याकडे बघितलं नाही. साक्षी म्हणाली, "आई, तुम्हाला वाईट वाटेल, पण लोक खरंच थांबत नाहीत. खोल्या भरल्या नाहीत तर यंदा सुजितला परत पनवेलला जावं लागेल."

ते मला कळत होतं. मुलगा घरी राहावा असं मलाही वाटत होतं. म्हणून मी बोलले नाही. माझ्या मनात आलं, सांगावं, तो दुपारचा म्हणजे मी. पण सांगायचं तर त्या हसण्यावर आपण होऊन जाऊन बसायचं.

"आधी उद्या त्या दुपारच्याला एक गळ टाकतो," अल्पेश म्हणाला. "रोज येतोय म्हणजे त्याला यायचंय. लागला तर लागला. मग रात्री काढून टाकतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी विहिरीपाशी जाऊन बसले. नव्हतं जायचं. पण रात्री ते पुसलं जाणार होतं. पान उघडलं. सरकवत खाली आले. नाव दिसलं, आणि मी पहिलं अक्षर लावते न लावते तोच त्याच्यावर एक लाल चौकोन येऊन बसला. ह्यांचं नाव त्याच्याखाली गेलं. चौकोनात लिहिलं होतं: 'तुम्ही पुन्हा आलात. अजून विचार करताय?'

तेवढ्यात पडवीतून आवाज आला.

"आला, आला. दुपारचा आला. लाइव्ह आहे, बघा."

खुर्च्या सरकल्या. माझा अंगठा काचेवर होता तिथेच राहिला.

"थांबलाय. हलत नाही."

"वाचतोय काय?"

"एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय, वाचणार नाही तर काय करणार. दाब, बाबा, दाब."

मी अंगठा जरा वर सरकवला.

"वर गेला. घाबरला."

मी अंगठा खाली आणला.

"परत आला. हावरट आहे."

भिंतीच्या या बाजूला मी आणि त्या बाजूला माझा मुलगा, आणि मी बोट हलवलं की तिकडे हसू फुटत होतं. जत्रेत माकड नाचवतात, त्या माकडाला दोरी तरी दिसते. मी उठले. स्वयंपाकघरातून जाताना भाकरीच्या टोपलीवरचं फडकं कसं कोण जाणे माझ्या हातात आलं. फोन तसाच उघडा घेऊन मी पडवीत गेले आणि लॅपटॉपच्या पुढ्यात ठेवला. चौकोन इथेही, चौकोन तिथेही. मी अंगठ्याने पान सरकवलं. तिकडचा ठिपका सरकला.

अल्पेश पुटपुटला, "इथलं नेट मुंबईवरून फिरून येतं, म्हणून लोकेशन..."

सुजित त्या ठिपक्याकडे बघत होता. लहानपणी शेजाऱ्याच्या कैऱ्या झोडताना त्याला धरला होता, तेव्हा होता तसा त्याचा चेहरा झाला.

"आये, तुला वाचता येतं?"

"व्हय."

"कवापासून?"

"तुझा बाप गेल्यापासून. तुला इचारायला सवड न्हाय झाली."

साक्षीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पदर नव्हता म्हणून ओढणीने डोळे पुसले. मला वाटलं, पोर चांगली आहे, आता ती अल्पेशला चार शब्द सुनावेल.

अल्पेशच आधी बोलला. "थांबा, थांबा. हे भारी आहे. हीच स्टोरी आहे, सुजित. आजी नवऱ्यासाठी वाचायला शिकली. थाळी नको, हेच टाकू. एक व्हिडिओ घेऊ, विहिरीवर बसून वाचताना. अडखळतात ना, ते तसंच ठेवायचं. पब्लिक रडेल. मग बघ लोक किती वेळ थांबतात."

साक्षीने माझ्याकडे बघितलं. मग दारातून मागे, रातांब्याकडे.

"सकाळचा उजेड चांगला असतो तिथे," ती म्हणाली.

ती वाईट नाही. तिला खोल्या दिसत होत्या, सुजित घरी राहिलेला दिसत होता. पण त्या वाक्याने माझ्या आतून काहीतरी उठलं आणि निघून गेलं.

"काढ त्ये," मी सुजितला म्हटलं.

"काय?"

"ह्यांचं लिवलेलं. समदं. नाव पण."

"आये, आता ऱ्हाऊ दे ना. तू वाचतेस तर ऱ्हाऊ दे. अल्पेश, ते रेकॉर्डिंग बंद कर तेवढ्यापुरतं—"

"माझ्यापुरतं बंद करशील. तुझ्या बापाला थितं उभा करून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे डोळे मोजशील. कोण थांबला, कोण रडला. न्हाय. काढ."

मी फडकं उलगडलं आणि लॅपटॉपवर घातलं, टोपलीवर घालतात तसं, चारी कोपरे खाली खोचून. त्याला पिठाचा वास होता. या वेळी अल्पेश वासाबद्दल काही बोलला नाही.

रात्री त्यांनी ते काढलं. मी अल्पेशला जेवायला वाढलं. दुसरं फडकं होतं, ते टोपलीवर घातलं आणि हात आत घालून भाकरी काढली. तो मान खाली घालून जेवला. मी चुलीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी आवरली. हात पुसताना सवयीने कोनाड्याकडे वळले. फोन तिथेच पडलेला होता. तो मी तांदळाच्या डब्यात खोल खुपसला, वरून झाकण लावलं आणि जेट्टीवर गेले.

दिघीला जाणाऱ्या फेरी बोटीत गाड्या चढत होत्या. पूर्वी लाँच बांधायचे तो लोखंडी खुंटा अजून आहे, गंजून पापुद्रे सुटलेला. त्याला आता कुणी काही बांधत नाही. मी त्याच्याजवळ उभी राहिले. फेरीचं इंजिन सुरू झालं, धूर आला, मोठा आवाज झाला.

मी ह्यांचं नाव घेतलं. पूर्ण, बापाच्या नावासकट, आडनावासकट. ते नाव मी इथे लिहीत नाही. माझा आवाज मला परका वाटला. शब्द बरोबर आला होता.

दोर सोडणाऱ्या खलाशाने मान वळवली. "काय म्हणलीस, आजी?"

"तुला न्हाय म्हणले."

"मग कोणाला? येतेस का पल्याड?"

"न्हाय. जा तू."

तो हसून फळीवरून आत गेला. फेरी सुटली. तिच्यामागे पाण्यावर पडलेली पांढरी वाट धक्क्याच्या बाजूने मिटत गेली. ती पुरती मिटेपर्यंत मी उभी राहिले. मग पुन्हा एकदा म्हटलं.